'गिफ्टेड' मुलांची वेगळी शाळा : पोराला टाकावं का? (नागपूर)

संत्रागल्ली (शुक्रवार, रात्री १०:४०)

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. सांभाळून घ्या.

मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. आम्ही मानेवाड्याला राहतो. शाळा घराजवळची, स्टेट बोर्ड, इंग्रजी माध्यम. जूनअखेर शाळा उघडली आणि दुसऱ्याच आठवड्यात गणिताची वही घरी आली. बेरजांची चाचणी होती, वीसपैकी तीन. ८ + ९ च्या पुढे लिहिलंय २.५. ७ + ५ च्या पुढे २.०. २३ + १९ च्या पुढे ७.०. लाल पेनाने ओळीने फुल्या आणि खाली 'केअरलेस'.

मी चिडले. हा शांतपणे वरणभात कालवत म्हणतो, "आई, ओव्हरमध्ये केलंय. सतरा चेंडू म्हणजे दोन ओव्हर पाच चेंडू." बाबासोबत जामठ्याला मॅच बघून आल्यापासून त्याचं हे चाललंय. मग तीन बरोबर कशी आली? तर पहिली तीन साधी केली, चौथ्यापासून कंटाळा आला म्हणे. मी पाटावर बसून सगळी सतरा तपासली. एकही चुकलेलं नाही.

बाईंना भेटले. त्या वाईट नाहीत, पण वर्गात ५२ मुलं. त्यांचं म्हणणं, खिडकीबाहेर बघतो, मध्येच बोलतो, शेजाऱ्याची गणितं सोडवून देतो.

आता मुख्य मुद्दा. वर्धा रोडकडे एक नवी शाळा निघतेय, फक्त गिफ्टेड मुलांसाठी. अनुदान नाही, बोर्ड 'प्रस्तावित', वर्गात पंधरा मुलं, फी वर्षाला एक लाख ऐंशी हजार. टॅबवर चाळीस मिनिटांची चाचणी घेतली. चार दिवसांनी ईमेल आला: आयक्यू १३६, अभिनंदन, एकवीस हजार टोकन पुढच्या शनिवारपर्यंत. नवरा म्हणतो, सगळ्यांनाच १३६ येत असेल. सासूबाई म्हणतात, बाहेर सांगू नको, दृष्ट लागेल.

शाळेचं नाव विचारू नका, सांगणार नाही.

तर्री कम पोहे (शुक्रवार, रात्री १०:५२)

आमच्या कॉलनीच्या टीमला नेट रनरेट काढणारा पाहिजेच आहे. कधी पाठवता? (हलके घ्या.)

अजनी यार्ड (शुक्रवार, रात्री ११:१५)

राग मानू नका ताई, पण आजकाल प्रत्येकाचंच पोट्टं गिफ्टेड असते. आमच्या वेळी असं पोट्टं असलं की मास्तर त्याला खडू आणायला, घंटी वाजवायला पाठवून राहत. मॉनिटर करून टाकत. झाला इलाज.

संत्रागल्ली (शुक्रवार, रात्री ११:२०)

मॉनिटर केलं होतं त्याला. तीन दिवसांत काढलं. कोण किती वेळा बोललं याचा त्याने तक्ता केला आणि त्यात बाईंचंही नाव होतं.

शंकरनगर चौक (शनिवार, सकाळी ६:३०)

मी निवृत्त समुपदेशक. तीस वर्षं मुलांच्या चाचण्या घेतल्या. जरा लांबण लागेल.

बुद्धिमापनाची गोष्ट नागपूरकरांनी ऐकायलाच हवी, कारण तिचा एक धागा इथूनच जातो. भारतात मुलांसाठी जी चाचणी खूप वापरली गेली तिला आम्ही 'मिसिक' म्हणतो. ती वेक्स्लर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या मूळ चाचणीवरून इथल्या मुलांसाठी बेतली डॉ. आर्थर मॅलिन यांनी, आपल्या नागपुरात. तिची पुस्तिका आली १९६९ साली. वय सहा ते पंधरा. अकरा उपचाचण्या, सहा शाब्दिक आणि पाच कृतीच्या. त्याच्याही आधी कामतांनी फ्रान्सच्या बिनेची चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली होती. तीही अजून दवाखान्यांमधून वापरात आहे.

मिसिक एका मुलाला समोर बसवून घ्यायची असते, घाई न करता. मूल थकलं तर थांबायचं, पाणी द्यायचं. लाल-पांढऱ्या ठोकळ्यांची आकृती जुळवायला दिली की एखादं मूल आधी ठोकळा हलवून कानाला लावतं, आत पोकळ आहे का बघायला. ते गुणपत्रिकेत कुठेच येत नाही, पण मी माझ्या कागदाच्या कडेला लिहून ठेवत असे. टॅबवर चाळीस मिनिटांत हे दिसत नाही.

आता १३६ बद्दल. सरासरी १०० धरली तर १३० च्या वर शंभरात साधारण दोन मुलं असतात. म्हणजे तुमच्या ५२ च्या वर्गात एखादं असू शकतं, त्यात नवल काही नाही. पण तो आकडा कुठल्या मुलांशी तुलना करून काढला, हे विचारा. 'मानकं कधीची, कुठल्या मुलांवर काढलेली?' एवढा एकच प्रश्न ईमेलने पाठवा. कारण मानकं जुनी झाली की आकडे फुगतात. संशोधक जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली अमेरिकेच्या आकड्यांवरून दाखवून दिलं की दर दहा वर्षांत सरासरी तीनेक गुणांनी वर सरकत गेली. आमची लाडकी मिसिकसुद्धा याला अपवाद नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या मुलांशी तुलना केली तर आजचं बरंच साधं मूलही हुशार ठरतं.

आणि चाळणीतून काय निसटतं तेही ऐका. टर्मन या मानसशास्त्रज्ञांनी १९२१ पासून कॅलिफोर्नियात वरच्या आयक्यूची हजारावर मुलं चाचणी घेऊन निवडली आणि पुढे आयुष्यभर त्यांचा माग ठेवला. त्या चाचणीत बसून निवड न झालेल्या दोघांना पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. शॉक्ली १९५६ साली, अल्वारेझ १९६८ साली. निवडलेल्यांपैकी कोणालाच मिळालं नाही.

तुमचा मुलगा हुशार आहे हे मला ओव्हरवरून कळलं. त्यासाठी १३६ ची गरज नाही. दशमान सोडून षट्मान पद्धतीत त्याची त्याने बेरीज केली, बाई.

तर्री कम पोहे (शनिवार, सकाळी ८:०५)

सर, सलाम. आणि मॅलिनसाहेब नागपूरचे हे आजच कळलं. अजब बंगल्यात फोटो लावला पाहिजे.

सक्करदरा ते सदाशिव (शनिवार, दुपारी १:१०)

मी अशाच शाळेत शिकलोय म्हणून लिहितो. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी. संस्था १९६२ ची, डॉ. वि. वि. म्हणजे आप्पा पेंडसे यांनी काढलेली. प्रशाला १९६९ पासून. पाचवीला प्रवेश, त्याआधी चाचण्या आणि मुलाखत. मी नव्वदच्या दशकात गेलो. सदाशिव पेठेत मामा राहायचे म्हणून जमलं, नाहीतर सक्करदऱ्याचं पोट्टं कशाला जातंय तिकडे.

पहिला आठवडा आठवतो. चौथीपर्यंत हात वर करायचा तो मीच, बाकी कोणी करायचंच नाही. तिथे बाईंनी काही विचारलं की चाळीस हात वर. मी हात खाली घेतला तो दिवाळीपर्यंत वर केला नाही. मामी विचारायची, 'अरे, शाळेत बोलतोस की नाही?' दिवाळीनंतर एका मुलाशी भांडण झालं. कशावरून, तर चंद्रावर पतंग उडेल का यावरून. दोन तास. मधली सुट्टी संपली तरी भांडत होतो आणि शिक्षकांनी हाकललं नाही, तेही येऊन उभे राहिले. त्या दिवशी मला शाळा आवडायला लागली. नागपुरात हेच बोललो असतो तर लोक म्हणाले असते, चाललं याचं सुरू.

हा झाला फायदा. किंमतही सांगतो. दहाव्या वर्षी घर सुटलं. महाराष्ट्र एक्सप्रेस नागपूर सोडायची तेव्हा आई प्लॅटफॉर्मवर हसत उभी असायची, आणि ती घरी गेल्यावर काय करायची हे मला बहिणीने फार वर्षांनी सांगितलं. गल्लीतले मित्र गेले. मी सुट्टीत आलो की 'पुणेरी झाला बे हा' म्हणायचे. मी 'करून राहिलो' म्हणणं सोडलं होतं ना.

पण एक फरक लक्षात घ्या. तिथे पहिल्या दिवसापासून विचारायचे, ही बुद्धी आहे ती कोणासाठी? आठवीत विद्याव्रत संस्कार (विद्यार्थ्याने व्रतं घ्यायचा) व्हायचा, संध्याकाळी मैदानावर खेळांचं दल असायचं, सुट्टीत गावोगाव अभ्यासदौरे. आम्हाला 'तुम्ही हुशार आहात' असं फारसं कोणी म्हणायचंच नाही. 'काय करणार आहात?' विचारायचे. त्या काळी जाच वाटायचा, खरं सांगतो. तुमच्या शाळेच्या माहितीपत्रकात काय लिहिलंय ते बघा जरा.

संत्रागल्ली (शनिवार, दुपारी १:४५)

आत्ता काढून बघितलं. मुखपृष्ठावर 'उद्याचे सीईओ'. आत कोट घातलेलं एक मूल, हातात पृथ्वीचा गोल.

मोरभवन ते लॉस एंजेलिस (शनिवार, रात्री ९:३०)

आमच्याकडे 'इंडिपेंडंट स्कूल' म्हणजे सरकारी पैसा नाही आणि नफ्याचा धंदाही नाही. विश्वस्त मंडळ, फी आणि देणग्या यांवर चालते. फक्त प्रज्ञावंत मुलांसाठी इथे मर्मन नावाची शाळा आहे. तीही १९६२ ची, प्रबोधिनीचंच साल! मर्मन पतीपत्नींनी राहत्या घरात सुरू केली होती. आमच्या ओळखीच्यांचा मुलगा तिथे जातो. आमचा नाही, फी ऐकून आम्ही घरी आलो. त्या मुलाला काय आवडतं विचारलं तर म्हणाला, तिथे मला कोणी 'स्मार्ट' म्हणत नाही.

तेव्हा साठ वर्षं चाललेली शाळा आणि अजून बोर्ड 'प्रस्तावित' असलेली शाळा एकाच तागडीत घालू नका.

काळा कोट (रविवार, सकाळी ११:००)

कायद्याचं बघा. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १३. प्रवेश देताना मुलाची वा पालकांची चाळणी करायची नाही आणि देणगीही घ्यायची नाही. चाळणी म्हणजे काय तेही कायद्यातच आहे: सोडतीसारख्या यादृच्छिक पद्धतीखेरीज एकाला डावलून दुसऱ्याला घेण्याची कुठलीही पद्धत. चाळणीला दंड पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत, पुढे प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत. तिसरीतल्या मुलाला टॅबवर तपासून मग टोकन मागणारी शाळा या कलमाचं काय करणार, हे लेखी विचारा. टोकन परत मिळेल का, तेही लेखीच. तोंडी सगळेच गोड बोलतात.

अजनी यार्ड (रविवार, सकाळी ११:२५)

मी तेच म्हणून राहिलो होतो. हुशार पोट्टे वेगळे काढले तर बाकीच्या वर्गात राहते काय? गाळ? आणि दिव्या देशमुख कुठल्या गिफ्टेड शाळेत गेली होती? नागपूरचीच ना? २०२५ मध्ये बातुमीला कोनेरू हम्पीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक आणला, एकोणीस वर्षांची पोरगी. रौनक साधवानी तेरा वर्षांचा असताना ग्रँडमास्टर. ज्याच्यात असते तो कुठेही चमकते.

घोड्याची अडीच (रविवार, दुपारी ३:४०)

भाऊ, उदाहरण तुमचं पण बाजू माझी. मी बुद्धिबळ शिकवतो.

आमच्याकडे रविवारी आठ वर्षांचं पोट्टं साठ वर्षांच्या काकांसमोर बसते. दोघांना एकच घड्याळ. कोणी विचारत नाही तू कितवीत. रेटिंग जवळचं असलं की जोडी लागली. काका हरले की मिशीतल्या मिशीत पुटपुटतात आणि पुढच्या रविवारी त्याच पोट्ट्याला शोधत येतात. पोट्टं हरलं तर रडते, मग विचारते, 'कुठे चुकलो?' आणि काका डाव पुन्हा मांडून दाखवतात. म्हणजे हे खेळाडू 'कुठेही' नाही चमकले. त्यांना वय न विचारणारी जागा लहानपणीच सापडली. शाळेत मुलांची जोडी कशावरून लागते? जन्मतारखेवरून.

गणिताच्या पोट्ट्याला अशी जागा नागपुरात कुठे आहे सांगा. गाण्याला आहे, कुस्तीला आहे. गणिताला ट्यूशन आहे आणि ट्यूशनमध्येही पुन्हा इयत्ताच.

अजनी यार्ड (रविवार, दुपारी ३:५८)

हे पटलं बावा.

खडू फळा (रविवार, रात्री १०:२०)

मी रामटेक तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. देवलापारकडचा भाग. दिवसभर हा धागा वाचतेय आणि थोडी धुमसतेय, तेव्हा शब्द इकडेतिकडे झाले तर माफ करा.

माझ्या चौथीत एक मुलगी आहे. घरी गोंडी बोलतात. आईबाप मोहफुलं, तेंदूपान, मग धानाची कामं. मागच्या वर्षी मी बघितलं, ध्वजाच्या ओट्यावर ही रोज खडूने रेघ मारते. मला वाटलं खेळतेय. दोनदा रागावलेही, ओटा खराब करते म्हणून. मग कळलं की खिचडी उतरते त्या वेळी खांबाची सावली जिथे पडते तिथे ती खूण करते. रेघ जवळ आली की ताट धुऊन तयार. वर्गात घड्याळ नाही, म्हणून हिने केलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर आली, खिचडी उतरली, तर सावली खुणेच्या बरीच पुढे गेलेली. धावत वर्गात आली. "मॅडम, खांब वाकला का?" मी म्हटलं नाही. मग तिने दोन महिने रोज खूण केली. जानेवारीत सांगितलं, "आता वापस येऊन राहिली."

या मुलीला तुमच्या टॅबवर बसवलं तर किती येईल? शब्दसंग्रह मराठीत, सूचना इंग्रजीत. शंकरनगरवाल्या सरांना माहीत असेल, शाब्दिक भागात अशी मुलं कशी खाली जातात.

तिच्यासाठी मला एकच दार दिसतं, नवोदय, म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा. आपल्या जिल्ह्याची नवेगाव खैरीला आहे. सहावीला प्रवेश, राहणं-जेवण-शिक्षण फुकट, ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना. पेपर दोन तासांचा, ८० प्रश्न, १०० गुण, त्यातले निम्मे गुण मानसिक क्षमता चाचणीचे. जागा मात्र ८० आणि संधी आयुष्यात एकदा. शहरात त्यासाठी क्लास आहेत. माझ्याकडे शाळा सुटल्यावरचा पाऊण तास आहे, तोही बस चुकवून.

काळा कोट साहेब, चाळणी नको म्हणता ते कायद्याने बरोबरच असेल. पण आमच्या पोरीला चाळणीच पाहिजे हो. चाळणी नसली तर तिला बघणार कोण? नवीन शैक्षणिक धोरणातही लिहिलंय की विशेष गती असलेल्या मुलांसाठी शाळांच्या, जिल्ह्याच्या पातळीवर विषयांची मंडळं असावीत. २०२० चं धोरण. आमच्याकडे अजून घड्याळ यायचंय. दहावीची राष्ट्रीय प्रज्ञाशोध होती १९६३ पासूनची, तीही २०२१ नंतर बंद.

शंकरनगर चौक (सोमवार, सकाळी ६:१०)

मॅडम, बरोबर आहे तुमचं. शाब्दिक भागावर अशी मुलं आपटतात, आम्ही कृतीचे गुण वेगळे काढून बघायचो. पण बघायचो तेव्हा, जेव्हा मूल आमच्यापर्यंत यायचं. माझ्या तीस वर्षांत देवलापारहून एकही आलं नाही.

त्या मुलीला २२ डिसेंबरच्या आसपासच्या खुणा तारखेसकट वहीत उतरवायला सांगा. आणि घड्याळ मी पाठवतो. पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवा.

तर्री कम पोहे (सोमवार, सकाळी ९:००)

घड्याळ दिलं तर ती रेघा मारणं बंद करेल, सर.

खडू फळा (सोमवार, रात्री ९:४५)

नाही करणार. आज विचारलं तिला. म्हणाली, घड्याळ बरोबर चालते का ते सावलीवरून बघेन.

संत्रागल्ली (तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ११:३०)

धागा वर काढतेय. काय झालं ते सांगायचं राहिलं होतं.

टोकन भरलं नाही. मानकांबद्दल आणि कलम १३ बद्दल दोन ईमेल केले. पहिल्याला उत्तर आलं, 'आमची प्रणाली जागतिक दर्जाची आहे'. दुसऱ्याला आलंच नाही. मग फोन आला की तुमच्यासाठी टोकनची मुदत वाढवलीय. तिथेच नवऱ्याने फोन ठेवला.

पण प्रश्न सुटला असंही नाही, मुलगा तर अजून खिडकीबाहेर बघतोच. सध्याच्या शाळेत वही घेऊन पुन्हा गेले. या वेळी भांडायला नाही, ओव्हरचा तक्ता समजावून द्यायला. बाईंनी बघितला, मग स्वतःच आणखी दोन गणितं घालून बघितली आणि हसल्या. त्यांचा भाऊ क्लब क्रिकेट खेळतो म्हणे. आता आठवड्यातून दोनदा गणिताच्या तासाला हा पाचवीच्या वर्गात जाऊन बसतो. मुख्याध्यापकांनी कागदावर काही देणार नाही म्हणून सांगितलं, तोंडी परवानगी. (काळा कोट, माहीत आहे.) पाचवीची मुलं त्याला 'थर्ड अंपायर' म्हणतात. त्याला आवडतं की नाही, मला अजून कळलेलं नाही.

रविवारी घोड्याची अडीच यांच्याकडे. पहिल्या दिवशी चार डाव हरला. रिक्षात बसल्यावर रडला, मग मेडिकल चौक येईपर्यंत गप्प, मग म्हणाला, "त्या आजोबांना पुढच्या रविवारी नक्की यायला सांग."

परवाच्या चाचणीत सगळी गणितं साधी केली. वीसपैकी वीस. खाली बाईंनी लाल पेनाने लिहून दिलं होतं: '१९.४ ओव्हर झाल्या, किती चेंडू उरले?' टी-ट्वेंटी धरून त्याने खाली २ लिहिलं आणि पुढे कंसात 'नो बॉल नसेल तर'.

तर्री कम पोहे (रविवार, रात्री ११:४१)

वा! आता त्याला विचारा, एक ओव्हर आठ चेंडूंची असती तर त्याच बेरजा कशा दिसल्या असत्या? पूर्वी ऑस्ट्रेलियात असायची.

संत्रागल्ली (सोमवार, रात्री १२:५५)

तुम्हाला कोणी सांगितलं होतं हो हे लिहायला. जागाच होता, विचारलं. आत्ता झोपला.